घरून काम करताना अर्थ कुठे शोधायचा: माणसं गाठून की काम वळवून?

घरून काम करणारी एक मैत्रीण परवा म्हणाली, "दिवसभर तक्रारी निकाली काढते, पण कुणाचं भलं झालं ते कळतच नाही. सोडू का नोकरी?" सोडण्याआधी दोन वाटा बघाव्यात.

पहिली, आपलं काम ज्यांच्या उपयोगी पडतं त्यांच्याशी थेट बोलणं. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात फोनवरून देणग्या गोळा करणारे काही कर्मचारी अशाच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याला जेमतेम पाच मिनिटं भेटले. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्के, तर जमवलेली रक्कम १७१ टक्के वाढलेली होती.

मीही एकदा माझं काम वापरणाऱ्यांसोबत व्हिडिओ कॉलवर बसले. समोरच्या बाई मी लिहिलेल्या सूचना बोट धरून वाचत होत्या. तिसऱ्या ओळीवर बोट अडलं. ती ओळ मी त्याच संध्याकाळी बदलली.

दुसरी वाट, हुद्दा तोच ठेवून कामाची घडण बदलणं: कोणती कामं घ्यायची, कुणासोबत करायची, त्यांकडे कसं बघायचं.

मेहनत पहिलीत कमी, पण परवानगी लागते, आणि भेटी थांबल्या की असर ओसरू शकतो. दुसरीला महिने लागतात. मात्र बरंचसं आपल्याच हातात असतं, म्हणून ती मला जास्त टिकाऊ वाटते.

काम आवडतं पण परिणाम दिसत नाही, त्यांनी माणसं गाठावीत. कामाचाच कंटाळा आलाय, त्यांनी दुसरी वाट धरावी. मैत्रिणीला मी पहिलीच सुचवली.