जुन्या बाहुलीचे केस: धुवायचे, गरम पाण्यात सोडायचे, स्ट्रेटनर फिरवायचा की नवे बसवायचे?

महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या की इंदूरच्या मराठी घरांत हा प्रश्न निघतोच. बाहुली ठणठणीत असते, साडी नवी शिवता येते, पण डोक्यावर नुसता गुंता. कुणी म्हणतं शॅम्पू लावा, कुणी म्हणतं उकळत्या पाण्यात बुडवा, घरातली कॉलेजातली मुलगी आपला स्ट्रेटनर घेऊन येते. हे सगळे उपाय कुठे ना कुठे बरोबर आहेत. केस किती विस्कटलेत यापेक्षा ते कशाचे आहेत, यावर उपाय ठरतो. म्हणून आधी तेवढं ओळखा.

खोक्यावर केसांचा प्रकार लिहिलेला नसतो. नव्वदच्या दशकातल्या लिओ मॅटेलच्या बार्बीचं खोकं जपून ठेवलं असेल तरी त्यातून हे कळणार नाही. कंगव्यात आलेले दोन-चार केस घ्या, बोटांनी साबणाच्या पाण्यात चोळून ओले करा आणि वाटीभर पाण्यात सोडा. तरंगत राहिले तर पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक, कारण ते पाण्याहून हलकं असतं. जत्रेतल्या आणि स्वस्तातल्या पुष्कळ बाहुल्यांना हेच केस असतात. हाताला किंचित मेणचट, कोरडे लागतात. तळाशी गेले तर नायलॉन, सरान किंवा कानेकालोन, हेही कृत्रिम धागेच. सरान या तिघांत सर्वांत जड, आणि त्याला एक छान चमक असते. 1959 साली पहिली बार्बी आली तेव्हा तिचे केस सरानचेच होते. साबणात आधी चोळणं मात्र टाळू नका; कोरडा केस कुठलाही असो, पाण्याच्या पृष्ठभागावर अडकून राहतो आणि फसवतो.

आता धुण्याबद्दल. भांड्यांचा पातळ साबण आणि कोमट पाणी, एवढ्याने निम्म्याहून जास्त बाहुल्यांचं काम होतं. धूळ, स्वयंपाकघराचा तेलकट थर, जुनी पावडर, सगळं निघतं आणि कुठल्याही धाग्याला धोका नाही. रिठ्याचं पाणीही चालतं, पण नीट गाळून. शिकेकाई नको, तिचा चोथा मुळांच्या भोकांत जाऊन बसतो आणि फिक्या केसांवर तपकिरी झाक राहते. खोबरेल तेल तर अजिबात नको. आपल्या केसांसारखं या केसांत काही मुरत नाही, तेल वरच राहतं आणि धूळ धरतं.

साबणानंतर बऱ्याच जणी कपड्यांच्या कंडिशनरमध्ये केस भिजवतात. गुंता सोडवताना त्याचा फार उपयोग होतो, कंगवा सरकतो. पण तोही एक थरच असतो. बाहुली नातीच्या हातात जाणार असेल तर लावा आणि खळखळून धुवा. कपाटात वर्षानुवर्षं राहणार असेल तर गुंता सुटल्यावर पुन्हा साबणाने धुऊन तो थर काढून टाका. शेवटचं पाणी नळाला येणारं नर्मदेचं घ्या, बोअरिंगचं नको. जड पाणी वाळलं की गडद केसांवर पांढुरकी राख बसल्यासारखं दिसतं. विंचरायला स्टीलची फणी उत्तम. टोकाकडून सुरुवात करा, इंचाइंचाने वर या. प्लास्टिकचा कंगवा कोरड्या हवेत केस फुलवून उभे करतो.

धुऊनही केस वाकडेतिकडे राहिले तरच उष्णतेकडे वळा. इथे खरी निवड गरम पाणी की स्ट्रेटनर अशी आहे आणि माझं मत ठामपणे पाण्याच्या बाजूने आहे. कारण सरळ आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर असल्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं आणि त्यापुढे चढत नाही. स्ट्रेटनर 150 ते 230 अंशांपर्यंत जातो. पॉलिप्रॉपिलीन 165 अंशांच्या आतबाहेर वितळतं, सरान त्याआधीच मऊ पडून आकसतं. नायलॉन वितळायला 220 अंश तरी लागतात, पण स्ट्रेटनरवरचा आकडा आणि पट्टीची खरी उष्णता यांत फरक असतो. जळलेलं टोक पुन्हा सरळ होत नाही, ते कापावंच लागतं.

गरम पाण्याचं काम असं चालतं: ठरावीक उष्णतेला धाग्याच्या आतली वीण सैलावते, त्या क्षणी तो ज्या आकारात असेल तोच आकार थंड झाल्यावर पक्का होतो. ओल्या नायलॉनला त्यासाठी उकळी लागतही नाही. म्हणून आधी केस विंचरून अगदी सरळ करा, चेहरा कोरड्या फडक्याने गुंडाळा, पाणी गॅसवरून उतरवून थोडं थांबा, मग मुळांपासून खाली धार सोडा आणि लगेच गार पाणी ओता. कुरळे हवे असतील तर हेच पातळ स्ट्रॉवर केस गुंडाळून करायचं. पॉलिप्रॉपिलीनवर या पाण्याचा उपयोग जेमतेमच, कारण त्याची वीण साध्या खोलीतल्या हवेतही सैलच असते. आकार दिला तरी टिकत नाही. तिथे साबण, फणी आणि सैल वेणी यांवर समाधान मानावं.

एक अट मात्र सगळ्यांना लागू आहे. कारखान्यातून आलेली मूळ केशरचना शाबूत असेल, तर गरम पाण्याचा विचार सोडा. ते कुरळे झुपके एकदा मोडले की मूळ रूप गेलं; संग्राहकासाठी थोडी धूळ परवडते, ही हानी परवडत नाही. डोळे मिटणाऱ्या बाहुलीच्या डोक्यात लोखंडी वजन असू शकतं, त्यामुळे तिला बुडवू नका, फक्त केस ओले करा. 1980 च्या दशकातल्या परदेशी 'माय लिटिल पोनी' घोड्यांची शेपटी आत धातूच्या चकतीवर अडकवलेली असते. पाणी शिरलं की गंज शेपटीत उतरतो. आणि केसांची टोपी नुसती चिकटवलेली असेल तर पाण्याने डिंक सुटतो.

नवे केस बसवणं हा शेवटचा मार्ग. केस कापलेले, जळलेले किंवा पुंजक्यांनी गळालेले असतील तरच. डोकं गरम पाण्याने मऊ करून मानेवरून काढायचं, जुने केस आतून ओढून घ्यायचे आणि जुन्याच भोकांतून सुईने एकेक झुपका ओवायचा. खर्चापेक्षा वेळ फार जातो आणि नजर शिणते. ब्यूटी पार्लरच्या सामानाच्या दुकानांत विणायचे कृत्रिम केस मिळतात, पण ते बऱ्याचदा जाड असतात आणि बाहुलीचं डोकं फुगीर दिसतं. बाहुल्यांसाठीचं बारीक नायलॉन ऑनलाइन मागवलेलं बरं. खेळण्यातल्या बाहुलीला हे करावं, आजीच्या आठवणीच्या बाहुलीला शक्यतो नाही. टकलाचा भाग लहान असेल तर आंबाडा फिरवून झाकता येतो.

धुऊन चार दिवसांनी केस मुळाशी पुन्हा चिकट झाले, तर दोष धुण्याचा नाही. काही बार्बींच्या डोक्यात केस पक्के करायला गोंद भरलेला असतो आणि तो बाहेर पाझरतो. तिथे वरचेवर साबण आणि मधल्या काळात कॉर्नफ्लोअर (मक्याचा पांढरा स्टार्च) लावून विंचरणं, एवढंच हाती राहतं. गरम पाण्याने पाझर वाढतो. आणि कुठलाही उपाय करा, श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत डोक्याच्या आत शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही, कुबट वास धरतं. तेव्हा महालक्ष्म्या येण्याच्या आदल्या दिवशी धुवायला बसू नका. आठवडाभर आधी धुवा, डोकं वेगळं निघत असेल तर वेगळं ठेवा आणि पंख्याखाली, सावलीत वाळवा.