मरीन प्लायच्या नावाखाली भुशाचा बोर्ड

मुलुंडमधील आमच्या घरातल्या आठ बाय दहा फुटांच्या खोलीत हस्तकलेसाठी भिंतभर कपाट, कामाचे टेबल आणि पेगबोर्ड (हत्यारे अडकविण्यासाठी भोके पाडलेला भिंतीवरचा फलक) करून देताना एका फर्निचर ठेकेदाराने मरीन प्लायचा, म्हणजे ओलाव्यात टिकणाऱ्या प्लायवुडचा, दर घेऊन पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाच्या चिपा व भुसा गोंदाने दाबून केलेला बोर्ड, बसविला. ही लबाडी कशी केली जाते, ती कोणत्या टप्प्यावर पकडता येते आणि उघडकीस आल्यावर काय करता येते, हे सविस्तर लिहिते आहे, कारण कमी खर्चात अशी खोली करू पाहणारे गिऱ्हाईकच या मंडळींना हवे असते. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे ठेकेदाराचे नाव देत नाही.

संक्रांतीच्या आधी हलव्याचे दागिने, गणपतीच्या आधी मखराचे काम, दिवाळीला आकाशकंदील आणि उरलेल्या वर्षात भरतकाम, असा माझा पसारा आहे. त्यासाठी लागणारे सामान दिसायला हलके असले तरी रचून ठेवल्यावर फार जड होते. ७५ जीएसएमच्या ए-फोर कागदाचा ५०० पानांचा एक गठ्ठा सुमारे २.३ किलोंचा भरतो. कार्डशीटचे गठ्ठे त्याहून जड असतात. असे वीस गठ्ठे एका फळीवर ठेवले की पंचेचाळीस किलोंच्या वर भार होतो. म्हणूनच उघड्या प्लॅस्टिकच्या रॅकऐवजी भक्कम कपाट करून घ्यावे आणि ते पावसाळ्यातल्या दमट हवेत टिकावे म्हणून मरीन प्लायचेच करावे, असे माझे यजमान आणि मी ठरविले होते.

तिघांकडून कोटेशन मागविले तेव्हा दर चौरस फुटाला १,४५० ते १,६०० रुपयांच्या दरम्यान आले. चौथ्याने, ज्याचे नाव आमच्या जाऊबाईंच्या सोसायटीतील कोणीतरी सुचविले होते, १,१०० सांगितले. इतका फरक कशामुळे, असे विचारल्यावर त्याने जे उत्तर दिले ते ऐकणाऱ्याला पटावे असेच होते: त्याचे दुकान नाही, त्यामुळे भाडे नाही, कारखाना शहराबाहेर असल्यामुळे मजुरी कमी, आणि एका मोठ्या कामातून उरलेला चांगला माल पडून आहे. यांतली प्रत्येक गोष्ट खरी असू शकते, आणि स्वस्त काम करणारे प्रामाणिक सुतारही हीच कारणे देतात. त्यामुळे केवळ दर कमी आहे एवढ्यावरून माणसाची पारख होत नाही.

पारख मालाची करावी लागते, आणि तिथेच त्याची खरी हुशारी होती. त्याने हातभर लांबीचा एक प्लायचा तुकडा आणला होता. त्यावर आयएसआयचे चिन्ह, वर आयएस ७१० हा क्रमांक आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक स्वच्छ उमटलेला होता. आयएस ७१० हे मरीन प्लायवुडचे भारतीय मानक आहे. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचे. बाजारात कारागीर नुसते ‘सातशे दहा’ म्हणतात, आणि ‘ताई, सगळे काम सातशे दहामध्येच होईल, पाण्यात उकळला तरी सुटणार नाही’ हे त्याचे वाक्य होते. तुकडा खरा होता. आम्ही भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या सरकारी ॲपवर परवाना क्रमांक टाकून पाहिला, तोही बरोबर निघाला. मात्र कोटेशनच्या कागदावर ‘मरीन क्वालिटी’ एवढेच लिहिलेले होते. आयएस क्रमांक, कंपनी, जाडी यांपैकी काहीही नव्हते. तो तुकडा जाताना तो बरोबर घेऊन गेला.

हिशेब असा होता: आठ फूट रुंद आणि सात फूट उंच कपाटाचे पुढच्या बाजूचे ५६ चौरस फूट, म्हणजे ६१,६०० रुपये; टेबल व पेगबोर्ड मिळून १२,४००; एकूण ७४,०००. त्यातले निम्मे, ३७,००० रुपये, आगाऊ. माल घरी आल्यावर २९,६००. काम पूर्ण झाल्यावर ७,४००. पहिले दोन हप्ते यूपीआयने दिले आणि ते संस्थेच्या नावाने न जाता एका व्यक्तीच्या खात्यावर गेले, हे पैसे पाठविताना पडद्यावर दिसतच होते.

माल आला तो पूर्ण तयार फळ्यांच्या स्वरूपात: दोन्ही बाजूंना लॅमिनेट, म्हणजे वरून चिकटवायचा पातळ शोभेचा थर, लावलेले, चारही कडांना पट्टी चिकटवलेली, बिजागरीची भोकेसुद्धा पाडलेली. घरात करवत चालली नाही, धूळ उडाली नाही, आणि दुपारपर्यंत सांगाडा उभा राहिला. शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, ‘किती स्वच्छ काम करतात हो ही माणसे!’ मोदकाचे सारण जसे वरून कळत नाही, तशी लॅमिनेट आणि कडेची पट्टी लागल्यावर आतली फळी कशाची आहे ते डोळ्यांना किंवा हाताला कळत नाही. जुन्या पद्धतीने सुतार घरी येऊन आठ बाय चारचे ताव आपल्यासमोर कापतो, तेव्हा प्रत्येक तावावरचा शिक्का आणि कापलेल्या कडेवरचे पापुद्रे घरातल्या कोणालाही पाहता येतात. कारखान्यातून तयार माल आणणे यात गैर काहीच नाही, आणि मुंबईच्या लहान घरांत ते सोयीचेही आहे. पण माल बदलण्याची संधी नेमकी त्याच टप्प्यावर असते.

सांगाडा अर्धा उभा असतानाच त्याने सांगितले की चार ड्रॉवर दरात धरलेले नाहीत, कारण दर ‘बाहेरच्या मापाचा’ आहे; त्यांचे १४,००० वेगळे होतील. खोलीत सगळे सामान पसरलेले, कामगार हात थांबवून उभे, अशा वेळी घासाघीस करून ९,००० वर मिटविले. हे पैसे आणि शेवटचा हप्ता त्याने रोखीने मागितला, बिलाशिवाय, ‘तुमचा अठरा टक्के जीएसटी वाचेल’ असे सांगून. यजमानांनी मात्र दोन्ही वेळा व्हॉट्सॲपवर ‘आज इतके रोख दिले’ असा संदेश पाठविला आणि त्याने उत्तरादाखल अंगठ्याचे चिन्ह पाठविले. तो अंगठा आज तक्रारीच्या कागदपत्रांत आहे.

आराखड्यात कपाटाच्या प्रत्येक चार फुटी कप्प्यात मधोमध एक उभी फळी होती. ती बसविलीच नाही. ‘मोठे बॉक्स ठेवता येतील,’ असे त्याचे म्हणणे. वरवर ही सोय वाटते, परंतु फळीच्या आधारांमधले अंतर दुप्पट झाले की सामानाची दाटी तीच असतानाही तिचे वाकणे जवळपास सोळापट होते. दोन फुटांवर जी फळी सरळ राहिली असती ती चार फुटांवर कागदाच्या भाराने थोड्याच आठवड्यांत मध्ये लवली. प्लायची असती तरी लवली असती, मात्र इतकी नाही.

खरा प्रकार उघड झाला तो पावसाळा लागल्यावर. कपाटाचा तळ जमिनीला टेकलेला होता आणि रोज फरशी पुसताना तिथे ओल लागत होती. आधी कडेची पट्टी सुटली, मग खालची फळी फुगून जाड झाली आणि दार खाली घासू लागले. दार उचलून बसविण्याचा प्रयत्न करताना वरची बिजागरी स्क्रूसकट हातात आली. बिजागरीची वाटी ज्या ३५ मिलिमीटरच्या भोकात बसते ते भोक हीच अशा फर्निचरमधली न झाकलेली जागा असते. आत पापुद्रे नव्हते. चिपा आणि भुसा होता, बोटाने खरवडला की पडणारा. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात आणि ते कडेला रेघांसारखे दिसतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, आतून एकसारखा तपकिरी, बारीक पिठासारखा दिसतो. पार्टिकल बोर्डात लहानमोठे कण उघड दिसतात. इथे संशयाला जागाच नव्हती. पार्टिकल बोर्ड हा बेकायदा माल नाही, त्यालाही आपले मानक आहे आणि कोरड्या जागी हलक्या सामानासाठी तो पुष्कळजण समजून-उमजून घेतात. आमच्याकडून पैसे मात्र दुसऱ्या मालाचे घेतले होते.

फोन केल्यावर तो म्हणाला, ‘ताई, पावसात सगळेच लाकूड फुगते.’ छायाचित्रे पाठविल्यावर म्हणाला की बिजागरी बदलून देतो. पार्टिकल बोर्डात एकदा उखडलेला स्क्रू त्याच जागी पुन्हा धरत नाही, त्यामुळे त्या दुरुस्तीला अर्थ नव्हता. लेखी उत्तर मागितल्यावर फोन उचलणे बंद झाले. मग कोटेशनच्या कागदावर छापलेला जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासला. पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्राच्या २७ या संकेतांकाने सुरू होणारा, अगदी खरा क्रमांक होता. फक्त तो कापडाचा व्यवसाय करणाऱ्या भलत्याच माणसाच्या नावावर होता. ही तपासणी विनामूल्य आहे, पहिल्याच दिवशी करता येते आणि तिला दोन मिनिटेही लागत नाहीत.

प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. तिथून समोरच्या पक्षाशी संपर्क साधला जातो, पण त्याने उत्तरच दिले नाही. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि मालापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावणे सक्तीचे नाही. मालातील दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणून फुगलेल्या फळ्या, उखडलेली बिजागरी आणि सुटलेली पट्टी मी भंगारवाल्याला दिलेली नाही. आयोगाचा निकाल यायचा आहे. घरात ती अडगळ सांभाळणे त्रासाचे आहे, तरी पुरावा तीच आहे.

असे काम देणाऱ्यांनी कोटेशनमध्ये ‘आयएस ७१०, १८ मिलिमीटर’ असे शब्द, कंपनीचे नाव आणि कपाटाच्या पाठीची जाडी वेगळी लिहून घ्यावी. मोजमाप पुढच्या बाजूचे आहे की प्रत्येक फळीचे, आणि ड्रॉवर त्यात आहेत की नाहीत, हेही तिथेच लिहावे. लॅमिनेट लावण्यापूर्वी कारखान्यात जाऊन ताव पाहण्याची अट घालावी व दुसरा हप्ता त्या भेटीनंतर द्यावा. ज्याला हे मान्य नाही तो कारण काहीही सांगो, त्याला काम देऊ नये. दाखवलेल्या नमुन्यावर दोघांच्या सह्या घेऊन तो आपल्याकडे ठेवावा. आणि माल घरात आल्यावर, कामगारांनी हत्यारे काढण्यापूर्वी, कोणत्याही एका दाराच्या बिजागरीच्या भोकात टॉर्च मारून पाहावे. तयार मालात ही एक जागा त्यांना झाकता येत नाही.

आमच्या खोलीत आता नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या स्लॉटेड अँगलचा, म्हणजे ओळीने भोके असलेल्या पट्ट्यांचा, लोखंडी रॅक आहे. फळ्यांची उंची नटबोल्ट काढून बदलता येते आणि त्याच्यात आत-बाहेर असे काही लपविण्यासारखे नसल्यामुळे जे दिसते तेच विकत मिळते. दोरे, मणी आणि टिकल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवल्या आहेत, झाकणावर नावाच्या चिठ्ठ्या आहेत. कापडाचे तुकडे आईच्या जुन्या ट्रंकेत आहेत. रॅकला समोरून मंगलदास मार्केटमधून आणलेल्या सुती कापडाचा पडदा लावला आहे आणि त्याच्या काठावर मीच कशिदा काढला आहे. पहिल्या दिवसापासून एवढेच केले असते तर खर्च त्या ८३,००० रुपयांच्या लहानशा भागात बसला असता, असे यजमान अधूनमधून सुनावतात. भक्कम कपाटाचा आग्रह मुळात त्यांचा होता, हे ते सांगत नाहीत.

आमच्या मागच्या इमारतीतील एका कुटुंबाने मुलीच्या अभ्यासाच्या व चित्रकलेच्या खोलीसाठी नुकतेच एक कोटेशन मला वाचायला दिले. वरचे नाव वेगळे आहे, फोन क्रमांक तोच आहे. दर १,१५० झाला आहे आणि मालाच्या रकान्यात ‘मरीन क्वालिटी’ असे लिहिले आहे. आयएस क्रमांक लिहून मागा, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी मागितल्यावर ठेकेदाराने कारखान्यात काम फार असल्याचे कळविले आणि तो पुन्हा आलेला नाही.