स्टॅफर्ड गॅम्बिट: काही महिने वापरून झाल्यावर

काल पुन्हा तेच. बुद्धिबळाचा तीन मिनिटांचा डाव, मी काळ्याकडून स्टॅफर्ड गॅम्बिट (सुरुवातीलाच एक प्यादं देऊन सापळे लावायची पद्धत) खेळलो, आणि समोरच्यानं क्षणभरही न थांबता प्यादं एफ३ वर सरकवलं. आता लिहूनच टाकतो.

चाली सगळ्यांना माहीत आहेत: ई४ ला ई५, घोडा एफ३ ला घोडा एफ६, पांढरा घोड्यानं ई५ चं प्यादं खातो, आपण दुसरा घोडा सी६, तो हा घोडा मारतो, आपण डी-प्याद्यानं त्याचा घोडा घेतो. हे ओपनिंग घेतलं कारण फुकट होतं. बुद्धिबळपटू एरिक रोझेनचे व्हिडिओ बघितले आणि सिसिलियन या दुसऱ्या ओपनिंगच्या कोर्सचे पैसे वाचले. एक प्यादं जातं, पण ते पटावरचं, खिशातलं नाही.

चस्का लागतो तो एका सापळ्यामुळे. पांढरा डी३ खेळतो, आपण उंट सी५. तो ऐटीत उंट जी५ वर आणून आपला घोडा बांधतो, म्हणजे घोडा हलला की मागचा वजीर उघडा. आपण त्याच घोड्यानं ई४ चं प्यादं खायचं आणि वजीर खुशाल सोडायचा. त्यानं वजीर मारला की उंटानं एफ२ वर शह, राजा ई२, दुसरा उंट जी४. मात! इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम, म्हणतं, पांढरा दोनेक प्याद्यांनी वरचढ. म्हणू दे. ब्लिट्झमध्ये, म्हणजे अशा काही मिनिटांच्या डावात, समोर इंजिन नसतं. (असलंच तर रिपोर्ट करा.)

माझं भांडण फक्त एफ३ शी आहे. जी४ चं घर बंद, म्हणजे घोडाही अडला आणि उंटही. मागून सी३, डी४ आलं की सी५ चा उंटही गप्प. एफ-प्यादं उगाच हलवू नये, असं नवशिक्यांना बजावतात ना? इथे नेमकं तेच औषध, आणि आता ते प्रत्येकाला पाठ. कित्येक जण तर ई५ चं प्यादं घेतच नाहीत, घोडा सी३ करून मोकळे.

रेटिंग वाढलं की हे निकामी होणार, असं आधी वाटायचं. तसं झालं नाही. वरचे लोक सापळा ओळखतात, पण ‘आता कुठून मारणार’ म्हणून पाचव्या-सहाव्या चालीलाच घड्याळ जाळतात. मग प्यादं जास्त असूनही वेळ संपून हरतात. हल्ली मी मात होण्याची वाटच बघत नाही. नजर त्यांच्या घड्याळावर. म्हणूनच दर चालीला दोन सेकंद वाढवून मिळतात तिथे हे खेळू नका, दहा मिनिटांत तर नाहीच.

एफ३ वर सध्या घोडा एच५ करून बघतोय. समोरचा गाफील राहिला तर वजीर एच४ शह, त्यानं जी३ केलं की घोड्यानं तेच प्यादं खायचं, आणि एच-प्याद्यानं घोडा मारला तर कोपऱ्यातला हत्ती आपला. गाफील मात्र अजून फारसे भेटले नाहीत.