टोचणीला पैकीच्या पैकी, सांगण्याला काठावर पास

मुलगी जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला बीसीजी, म्हणजे क्षयावरची लस, टोचली. आज त्याला एकोणीस आठवडे झाले. लसीकरण केंद्राबद्दल अभिप्राय द्यायला इतका उशीर का, असं कोणी विचारेल. पण पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो आणि सहाव्या आठवड्यात ते सगळे परत मागितले असते. ही लस दंडावर काय करते ते कळायला तीन-चार महिने जावे लागतात.

मी कारखान्यात तयार मालाच्या तपासणीला असतो. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय. त्यामुळे दर रविवारी आंघोळीनंतर तिच्या डाव्या दंडाचा फोटो आणि शेजारी प्लास्टिकची पारदर्शक पट्टी, असा माझा उद्योग चालला होता. आधी व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचाही अंश मोजणारं लोखंडी माप, आणला होता. तो बायकोने खोलीच्या बाहेर ठेवायला लावला.

टोचणाऱ्या सिस्टरबद्दल आधी सांगतो, कारण हात असावा तर असा. लसीची बाटली गडद रंगाच्या काचेची होती. ही लस उजेडाने मरते, म्हणून. आत कोरडी पूड असते, ती बरोबर आलेल्या द्रावणात कालवतात. कालवल्याची वेळ त्यांनी पेनाने बाटलीवर लिहिली. एकदा कालवली की सहा तासांत किंवा त्या दिवसाचं काम संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच ती वापरायची, उरली तर फेकायची. वेळ लिहिणारा माणूस दिसला की माझा निम्मा जीव भांड्यात पडतो.

डोस फक्त ०.०५ मिली, म्हणजे जेमतेम एक थेंब. पण तो मांसात जाऊन चालत नाही आणि कातडीखालीही नाही, कातडीच्या आतच राहावा लागतो. नवजात बाळाची ती कातडी केवढी! सिस्टरने दंड मागून धरून कातडी ताणली, सुई जवळजवळ आडवी धरली, आणि पाहता पाहता तिथे पांढुरकी गांध उठली. पट्टीवर ५ मिमी, वर संत्र्याच्या सालीसारखी बारीक छिद्रं. ती गांध उठली म्हणजे लस बरोबर जागी पडली. सुई खोल गेली तर गळू होण्याची भीती वाढते. अर्ध्या तासात गांध जिरली. मुलगी रडली, पण दूध मिळेपर्यंतच.

इथवर पैकीच्या पैकी. मग कार्डावर शिक्का बसला, दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली आणि आम्ही घरी आलो. त्या दंडाचं पुढे काय होणार आहे, याबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही. कार्डावरही नाही.

पहिले दोन आठवडे दंड कोरा. तिसऱ्या रविवारी लाल ठिपका. आम्ही डास चावला म्हणून सोडून दिलं आणि मच्छरदाणी बदलली. चौथ्या आठवड्यात ठिपक्याची पुटकुळी झाली, ४ मिमी, बोटाला टणक लागणारी. पाचव्यात ६ मिमी आणि कडेने लाली. सहाव्या आठवड्याच्या शनिवारी रात्री झबल्याच्या बाहीला पिवळा डाग दिसला. बाही वर केली तर पुटकुळीचं तोंड फुटून आतून पू येत होता.

त्या रात्री घरात जी सभा भरली ती विसरणार नाही. सासूबाईंचं म्हणणं, हलकेच दाबून सगळं काढून टाकू, म्हणजे लवकर बरं होईल. माझ्या आईने फोनवरून लेप सुचवला. मेहुण्याने जखमेवर टाकायच्या पावडरीचं नाव पाठवलं आणि पाठोपाठ अंगठा. मी केंद्राच्या नंबरवर फोन केला, तर पलीकडून उत्तर, "सोमवारी तारीख आहे ना, तेव्हा दाखवा." बस. मुलगी मात्र या सगळ्यात मजेत होती. ताप नाही, दूध नेहमीसारखं, दंडाला हात लागला तरी हूं की चूं नाही. खरं तर तेच बघून आम्ही शहाणं व्हायला हवं होतं. झालो नाही. रात्रभर आळीपाळीने जागलो.

सोमवारी टेबलावर दुसऱ्या सिस्टर होत्या, वयाने मोठ्या. बाही वर केली तर म्हणाल्या, "अरे वा, पिकली का? छान पिकलीय."

"सिस्टर, पू येतोय."

"यायलाच पाहिजे हो. जिवंत लस आहे ती. दाबलं नाही ना तुम्ही?"

सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

मग उभ्या उभ्या चार मिनिटांत त्यांनी जे सांगितलं, ते सहा आठवडे आधी कोणी सांगितलं असतं तर आमची शनिवारची झोप वाचली असती. लसीत क्षयाच्या जंतूचा दुबळा केलेला भाऊबंद असतो. तो टोचल्या जागी हळूहळू वाढतो, शरीर त्याला ओळखतं, घेरतं, आणि त्या झटापटीत तिथली कातडी फुटते. म्हणून दोन-तीन आठवडे सामसूम, मग पुटकुळी, मग फोड, मग खपली, मग व्रण. दाबायचं नाही. मलम, लेप, पावडर, स्पिरिट काही नाही. घट्ट पट्टी नाही. आंघोळ नेहमीसारखी, नंतर नुसतं टिपून घ्यायचं. फारच गळत असेल तर कोरडा स्वच्छ गॉज सैलसर, तोही थोडा वेळ. फोडाबरोबर ताप आला तर तो फोडाचा समजून गप्प बसायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. आणि टोचल्यावर दोन-चार दिवसांतच फोड आला असता तर तेही लगेच दाखवायला हवं होतं. इतकी घाई म्हणजे क्षयाच्या जंतूशी शरीराची आधीच गाठ पडलेली असू शकते.

दुबळा केलेला भाऊबंद म्हणजे काय, ते घरी येऊन वाचलं. काल्मेत आणि गेरँ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईच्या क्षयाचा जंतू १९०८ पासून बटाट्याच्या फोडींवर पित्त आणि ग्लिसरीन घालून वाढवला आणि दर तीन आठवड्यांनी नव्या फोडीवर हलवला. असं २३० वेळा, तेरा वर्षं, मधलं पहिलं महायुद्ध धरून. १९२१ मध्ये ती लस पहिल्यांदा एका बाळाला दिली, तीही तोंडावाटे. दर तीन आठवड्यांनी तेच काम तेरा वर्षं न कंटाळता करणाऱ्यांपुढे आमचा तपासणी विभाग काहीच नाही.

त्याच सोमवारी तिच्या मांडीत दुसरी लस गेली. तिची तऱ्हा अगदी उलटी. सुई सरळ उभी, लस मांसात. संध्याकाळी मांडी गरम आणि सुजलेली, रात्री अंगात ताप, दोन दिवसांत सगळं शांत. मागे शेंगदाण्याएवढी गाठ राहिली, ती कातडीखाली महिनाभर बोटाला लागत होती आणि मग कधी गेली कळलंच नाही. एक लस लगेच भांडते आणि विसरते, दुसरी दीड महिन्याने उकरून काढते.

दंडाकडे परत येतो. सातव्या आठवड्यात फोडाच्या जागी ५ मिमीचा उथळ खड्डा, ओलसर. आठव्यात खपली धरली. नवव्यात ती झबलं काढताना निघाली आणि खाली पुन्हा ओलं. मी पुन्हा घाबरलो, बायको नाही. खपली एकूण दोनदा पडली. दहाव्या आठवड्यात डाव्या काखेत वाटाण्याएवढी गाठ लागली, तेव्हा मात्र बायको घाबरली आणि आम्ही थेट डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गाठ चाचपली. एक सेंटीमीटरच्या आत, सरकणारी, वरची कातडी नेहमीसारखी. त्या बाजूच्या लसीची ही ओळखीची खूण, म्हणाले, औषध नको. वाढत गेली, लाल झाली किंवा मऊ पडली तर लगेच या. तशी वेळ आली नाही. तेराव्या रविवारी खपली शेवटची पडली आणि खाली गुलाबी, किंचित खोलगट, चकचकीत कातडी दिसली. आज तो व्रण ५ मिमी आहे आणि रंग फिकट होत चाललाय.

तर केंद्राला तारे किती? स्वच्छता, वेळ पाळणं, हाताची सफाई, यात एकही तारा कापवत नाही. पण पिकणारी लस टोचून आई-बापांना काही न सांगता घरी पाठवणं, याचे दोन कापले. दुसऱ्या सिस्टरांमुळे त्यातला एक परत. त्यांना मी मागच्या खेपेला सात फोटो एका कागदावर छापून दिले, पट्टीसकट, खाली आठवड्यांचे आकडे टाकून. म्हटलं, टेबलासमोर लावा. त्यांनी लक्षपूर्वक पाहिले, "वरून विचारावं लागेल" म्हणाल्या आणि कागद खणात ठेवला. खण अर्धा उघडा होता, आत असे आणखी बरेच कागद दिसले.

जाता जाता बायकोने तिच्या मनातलं विचारून घेतलं. तिच्या दंडावर व्रणच नाही. लहानपणी टोचल्याची नोंद कार्डावर आहे, दंड मात्र कोरा. सिस्टर म्हणाल्या, काही जणांना उमटत नाही. म्हणून लस फुकट गेली असं नसतं, आणि व्रण नाही म्हणून पुन्हा टोचायची नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. घरी आल्यावर मी व्हर्नियर काढून माझा व्रण मोजला, ६.८ मिमी. मुलीचा ५. बायकोने कोरा दंड पुढे केला आणि म्हणाली, "घे, माझाही मोज."