आठ महिने, एकच कयाक: आधी जलपर्णी, मग समुद्र

कयाक घेताना माझी अट एकच होती. नदीच्या तुंबलेल्या फाट्यातून निघायचं, खाडीतून समुद्रात उतरायचं आणि वाटेत होडी बदलायची नाही. आठ महिने झाले, बहुतेक सगळ्या मोहिमा दोन ते पाच दिवसांच्या. त्या भरवशावर हे लिहितोय.

लांबी 5.2 मीटर, रुंदी 56 सेंटिमीटर, अंग पॉलिथिलीनचं, रिकामं वजन 27 किलो. मागे तळातून खाली सोडता येणारा स्केग, म्हणजे होडी सरळ ठेवणारं, न वळणारं पातं आहे. सुकाणू मुद्दाम टाळलं. ते वर उचलता येतं हे खरं, पण त्याचे सांधे आणि तारा उघड्याच राहतात, आणि जलपर्णीचे देठ नेमके तिथेच गुंततात. स्केग आत ओढला की तळ गुळगुळीत. निदान कागदावर तरी.

जलपर्णीत शिरल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की इथे किलोमीटरला काही अर्थ नाही. मोकळ्या, स्थिर पाण्यात सामान भरलेली ही कयाक मला ताशी साडेपाच किलोमीटर, म्हणजे साधारण तीन नॉट देते. दाट पट्ट्यात मी एकदा आठशे मीटरला सव्वा तास घेतला. वल्ह्याचं पातं पाण्यापर्यंत पोचतच नाही. मुळांची जाळी ढकलत, पुढचं टोक वर चढवत, इंच इंच सरकायचं. रुंद पात्याचं वल्हं इथे शत्रू. अरुंद, लांब पात्याचं ग्रीनलँड वल्हं देठांमधून सुटून येतं, म्हणून आता तेच हातात असतं आणि रुंद पातं डेकवर. बुडाशी मुळं धरणाऱ्या हायड्रिला या पाणवनस्पतीची तऱ्हा वेगळी: ती अडवत नाही, मागे खेचत राहते.

आखणीसाठी सगळ्यात उपयोगी पडली ती सेंटिनेल-2 उपग्रहांची मोफत चित्रं. 10 मीटरचा बारकावा, आणि दर काही दिवसांनी नवं चित्र. निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) पट्टा वापरून पाहिलं की जलपर्णी लालभडक दिसते, मोकळं पाणी काळं. पण ती तरंगती आहे, वाऱ्याबरोबर हलते. चार दिवसांपूर्वीचा मोकळा फाटा आज बंद असू शकतो. म्हणून मी एकच चित्र पाहत नाही, दोन-तीन महिन्यांची ओळीने पाहतो. कुठल्या वळणावर, कुठल्या पुलाच्या खांबांशी ती पुन्हा पुन्हा साचते ते त्यात दिसतं. मग वाऱ्याचा अंदाज त्यावर ठेवायचा. आपण पुढे जात असताना मागची वाट बंद होऊ शकते, हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा हसू आलं नाही.

खरी गाठ मात्र पुढे आहे. समुद्राचं वेळापत्रक घड्याळावर चालतं, जलपर्णीचं कशावरच नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं, त्यामुळे रोजची वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. बाराव्या भागांच्या हिशेबाने (तासागणिक बारापैकी 1, 2, 3, 3, 2, 1 भाग) ओहोटीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासातच निम्मं पाणी निघून जातं. त्या वेळी खाडीच्या मुखाशी समुद्राकडून वारा येत असेल, तर प्रवाह आणि वारा समोरासमोर भिडतात आणि लाटा उभ्या, आखूड, फुटणाऱ्या होतात. मुखाशी पोचायचं ते पाणी स्तब्ध असताना. पण वरच्या फाट्यात एक तास लागेल की चार, हेच माहीत नसेल तर ती वेळ गाठणार कशी? दोनदा चुकलो. आता नियम पक्का: जलपर्णी आणि मुख एका दिवसात नाही. दोन्हींच्या मध्ये, भरतीच्या रेषेच्या वर, एक मुक्काम धरायचाच. त्यासाठी एक दिवसाचं जास्तीचं पाणी लागतं, माझ्या हिशेबाने चार लिटर. ते बैठकीच्या लगेच मागे ठेवतो. पुढचं टोक हलकं राहिलं की गवतावर चढतं.

समुद्रात या कयाकबद्दल तक्रार कमी. बाजूच्या वाऱ्यात कुठल्याही लांब कयाकसारखी ती वाऱ्याकडे तोंड वळवते. स्केग अर्धा सोडला की सरळ धावते. 11 ते 16 नॉटच्या वाऱ्यात भरलेली होडी स्थिर वाटली. त्याहून जास्त वाऱ्यात मी निघत नाही. बसल्या जागेवरून क्षितिज जेमतेम सव्वातीन किलोमीटरवर असतं, त्यामुळे बुटका किनारा फार उशिरा दिसतो. होकायंत्र डेकवर, व्हीएचएफ रेडिओ अंगावर.

आता मुख्य दोष. तिसऱ्या महिन्यात स्केगच्या खाचेत देठाचा तुकडा शिरला. मी सवयीने स्केग खाली-वर करणारा दांडा जोरात ढकलला आणि आतली तार वाकली. ते कळलं समुद्रात. पुढचे चार तास एकाच बाजूला लांब वल्हं मारत काढले. मनगट आठवडाभर बोलत होतं. तार बदलली, स्केगच्या टोकाशी बारीक भोक पाडून दोरीची छोटी फास ओवली. आता अडकला तर सोबतचा माणूस मागून ओढून काढतो. ही फास कारखान्यातच का देत नाहीत, कोण जाणे. एकट्याने जाणाऱ्याला मात्र काठावर उतरण्यावाचून इलाज नाही.

सामानाच्या मागच्या कप्प्याच्या झाकणातून दर मोहिमेत चमचाभर पाणी येतंच. कपडे जलरोधक पिशवीत असल्याने मी त्याचा पिच्छा सोडला. पाठीचा पट्टा पाच तासांनंतर टोचतो.

दुसऱ्या पाण्यात उतरण्यापूर्वी स्केगची खाच, झाकणांच्या कडा आणि बैठकीखालचा भाग धुऊन पूर्ण वाळवतो. हायड्रिलाचा बोटभर तुकडाही नव्या तळ्यात रुजतो. गेल्या वेळी खाचेतून तार घालून काढला तो तुकडा तीन दिवसांनंतरही हिरवागार होता.