चार्टची व्याख्या आणणारं टूल: माहिती वर्णनात लिहावी की वेगळ्या पानावर?

नाशिकमध्ये कांद्याच्या भावाचे डॅशबोर्ड करणाऱ्या टीमने एआय एजंटसाठी (स्वतः टूल वापरून काम करणाऱ्या एआय प्रोग्रामसाठी) चार्टची व्याख्या, म्हणजे चार्टमध्ये काय आणि कसं दाखवायचं याची नोंद, आणणारं टूल बनवलं, की पुढचा प्रश्न येतोच: ते वापरायचं कसं, हे लिहायचं कुठे?

माझा कौल टूलच्या वर्णनाला. नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एआयला बाहेरची टूल जोडण्याच्या ठरलेल्या पद्धतीत) टूलला नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा, म्हणजे कोणतं इनपुट कशा रूपात द्यायचं याचा साचा, असतो. एजंट टूल निवडतो तो हेच वाचून. लासलगावच्या भावाचा चार्ट घ्या. बाजार समितीच्या भावात क्विंटलमागे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. रेषा यातल्या कोणत्या दराची, फिल्टर उन्हाळी कांद्याचा की लाल कांद्याचा, हे व्याख्येतून कळतं. आजचा भाव मात्र त्यातून कळत नाही. म्हणून ‘हे टूल चार्टची मांडणी देतं, आकडे देत नाही, आकड्यांसाठी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवणारं टूल वापरा’ असं वर्णनात स्पष्ट हवं. नाहीतर एजंट नुसत्या व्याख्येवरून भाव ठोकून देऊ शकतो, आणि त्या भरवशावर कुणी ट्रॅक्टर भरून निघालं तर?

वेगळ्या पानावर जागा ऐसपैस. नमुना उत्तर, परवानग्या, एरर आल्यास काय करायचं, सगळं मावतं. नव्या डेव्हलपरला तेच लागतं. पण ते पान एजंटपर्यंत आपोआप पोहोचत नाही, शिवाय कोड बदलला तरी पान जुनंच राहतं.

वर्णन मात्र आखूडच ठेवा. प्रत्येक टूलचं वर्णन मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमधली (मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मजकुरातली) जागा खातं. चार्ट आयडी (कोणता चार्ट हवा ते सांगणारी खूण) कुठून मिळतो, हे इनपुटच्या वर्णनात लिहा.