टाटा मेमोरियलचं क्लिनिकल रिसर्च : पेशंटच्या घरच्यांकडून रिव्ह्यू

परळच्या टाटा मेमोरियलबद्दल लोक लिहितात ते रांगेबद्दल, फाईलबद्दल, डॉक्टर किती मिनिटं बोलले त्याबद्दल. ते महत्त्वाचं आहेच, पण मला तिथल्या रिसर्चबद्दल लिहायचंय, कारण ते पेशंटला दिसत नाही आणि तरी त्याच्या ऑपरेशनमध्ये, केमोत, शेकात म्हणजे रेडिएशनमध्ये, सगळीकडे असतं. माझ्या मावसकाकांना जिभेच्या कडेला कॅन्सर निघाला तेव्हापासून मी हे वाचत आलेय. बी.फार्म झालंय, त्यामुळे मेडिकल पेपर थोडेफार कळतात. माझं मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांचं काम होईल: या हॉस्पिटलचं रिसर्च मला देशात सगळ्यात जवळचं वाटतं, कारण त्यातले प्रश्न त्यांच्याच ओपीडीतून आलेले आहेत. नवीन महागडं औषध चालतं का, एवढंच विचारत बसत नाहीत. आपल्याकडे आहे त्या पैशात, आहे त्या पेशंटला जास्त काय देता येईल, हे विचारतात.

सुरुवात मानेपासून करते, कारण आमच्या घरी तोच विषय होता. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला आणि मानेत गाठ हाताला लागत नसेल तर मानेचं ऑपरेशन, म्हणजे कॅन्सर पसरू शकतो त्या तिथल्या ग्रंथी काढणं, त्याच वेळी करायचं की गाठ दिसली की मग करायचं, यावर जगभरात कित्येक वर्षं वाद होता आणि दोन्ही बाजूंचे सर्जन आपापल्या अनुभवावर बोलायचे. पाश्चात्त्य देशात असे पेशंट एका ठिकाणी इतक्या संख्येने मिळत नाहीत. आपल्याकडे तंबाखू, मावा, गुटखा, मिश्रीमुळे ते दुर्दैवाने रोज येतात. टाटाच्या डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमने २००४ पासून पेशंट घेतले, निम्म्यांची मान लगेच केली, निम्म्यांना थांबवून लक्ष ठेवलं. फरक इतका स्पष्ट दिसायला लागला की ठरवलेली संख्या पूर्ण व्हायच्या आधीच, ५९६ पेशंटवर, नवीन पेशंट घेणं बंद केलं. पहिल्या ५०० जणांचा हिशेब २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला: ३ वर्षांनी लगेच मान केलेल्यांपैकी ८० टक्के जिवंत, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे साधारण आठ जणांची मान वेळेत केली तर त्यातला एक जास्तीचा माणूस वाचतो. आणि यात नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, फक्त ऑपरेशन कधी करायचं एवढंच आहे.

आता हे छापून आल्यानंतर कित्येक वर्षांनी आमच्या काकांना गावाकडच्या एका हॉस्पिटलात सांगितलं की जिभेचं करून टाकू, मानेत काही लागत नाहीये, ते नंतर बघू. त्या डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, ते आपुलकीने बोलत होते, पण नंतर बघू म्हणजे काय होतं ते आकडे वाचल्यावर मला घरात सगळ्यांशी भांडून काकांना मुंबईला न्यावं लागलं. परळला जीभ आणि मान एकाच वेळी झाली. काका बरे आहेत, बोलणं थोडं जड येतं, तिखट चालत नाही. एका पेशंटवरून काहीच सिद्ध होत नाही हे मला माहितीये, म्हणून तर ५०० जणांचा हिशेब लागतो.

दुसरं काम व्हिनेगरचं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन तपासणं, करायचा तर लॅब पाहिजे, पॅथॉलॉजिस्ट पाहिजे, रिपोर्ट घ्यायला बाईने परत यायला पाहिजे, आणि आपल्या वस्त्यांमध्ये यातलं एकही धड जमत नाही. डॉ. सुरेंद्र शास्त्रींच्या टीमने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये दहावी शिकलेल्या तिथल्याच बायकांना ४ आठवड्यांचं ट्रेनिंग दिलं. पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड म्हणजे व्हिनेगरच, ते लावायचं, जिथे गडबड असेल तिथला भाग पांढरा होतो, तो उजेडात बघायचा, आणि शंका आली तर हॉस्पिटलला पाठवायचं. सुमारे दीड लाख बायका, निम्म्यांना दर दोन वर्षांनी तपासणी. १२ वर्षांनी तपासलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. २०१३ मध्ये शिकागोच्या मोठ्या कॅन्सर परिषदेत हे मुख्य सत्रात मांडलं गेलं.

या स्टडीवर टीकाही झाली आणि ती मी टाळणार नाही. उरलेल्या निम्म्या बायकांना माहिती दिली, लक्षणं दिसली तर उपचार दिले, पण तपासणी दिली नाही, आणि हा काळ छोटा नव्हता. टीकाकारांचं म्हणणं असं की स्क्रीनिंगने जीव वाचतात हे जगाला माहीत असताना हा गट ठेवायलाच नको होता. दुसरी बाजू अशी की त्या वेळी देशात स्क्रीनिंगचा कार्यक्रमच नव्हता आणि व्हिनेगरने मृत्यू कमी होतात का हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि माझं मन अजून त्या दुसऱ्या गटातल्या बायकांपाशी अडकतं. स्टडी उपयोगी झाला म्हणून तो प्रश्न मिटत नाही असं मला वाटतं, आणि ज्या कोणी असले स्टडी पुढे करतील त्यांनी तो आधी सोडवावा.

याच वस्त्यांमध्ये स्तनांची हाताने तपासणी पण चालू होती, डॉ. इंद्रनील मित्रांचं काम, २० वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी, पण सगळ्या वयाच्या मिळून बघितलं तर १५ टक्के आणि तो फरक संख्याशास्त्राने पक्का म्हणता येत नाही. त्यांनी हे तसंच छापलंय, आणि मला ते आवडलं.

मग लिडोकेन. दाताच्या डॉक्टरकडे जे बधिर करायचं इंजेक्शन मिळतं तेच, मेडिकल दुकानात सगळ्यात स्वस्त औषधांपैकी एक. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमने स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी ते गाठीच्या भोवती दिलं, देशातल्या ११ सेंटरवर १६०० बायकांमध्ये. विचार असा की सर्जनचा हात लागला की गाठीतल्या पेशींमध्ये हालचाल होते, त्या पसरायची तयारी करतात, ती त्या क्षणापुरती अडवायची. ५ वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के जिवंत, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांच्या आत. यात एक कच्चा दुवा आहे, दुसऱ्या गटाला खोटं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन दिलं नव्हतं, त्यामुळे पाश्चात्त्य देशातले काही लोक अजून थांबलेत आणि पुन्हा करून बघा म्हणतायत. मला ते रास्त वाटतं. पण माझ्या घरात कोणाचं ऑपरेशन असेल तर मी सर्जनला त्याबद्दल विचारीन, आधी केमो झालेली नसेल तर, कारण हा स्टडी थेट ऑपरेशनला जाणाऱ्यांवरच होता.

आता पैशाचा सगळ्यात कठीण भाग, इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना माहितीये, डॉक्टर कागदावर औषधाचं नाव लिहितात, मग शेजारी महिन्याचा खर्च लिहितात आणि मग खोलीत कोणी बोलत नाही. जमीन विकायची का, हा प्रश्न मराठी घरांमध्ये खरोखर विचारला जातो आणि पेशंट स्वतःच नको म्हणतो. निवोलुमॅब नावाचं औषध नेहमी २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी देतात. डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश यांच्या टीमने डोकं-मानेच्या परत आलेल्या किंवा पसरलेल्या कॅन्सरमध्ये फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी देऊन बघितलं, सोबत स्वस्त गोळ्यांची केमो. १५१ पेशंट. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के जिवंत होते, थोडं निवोलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा खाली-वर करून परत वाचला.

पण इथे नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर हे चुकीचं फिरतं. या स्टडीत फुल डोसचा गटच नव्हता. त्यामुळे कमी डोस फुल डोसइतकाच चांगला असं यातून म्हणता येत नाही. जे सिद्ध झालं ते असं की ज्याला फुल डोस परवडत नाही, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक सगळे, त्याच्यासाठी थोडं औषध काहीच नसण्यापेक्षा खूप चांगलं. ज्याला फुल डोस मिळतोय त्याने तो मनाने कमी करायचा नाही. आणि औषध कंपनीने हा प्रश्न कधी विचारला असता असं मला वाटत नाही, कमी विकलं जावं म्हणून कोण पैसे घालेल. म्हणून सरकारी पैशावर चालणारं, अणुऊर्जा खात्याखालचं हॉस्पिटल हे करतं याची मला खरी किंमत वाटते.

मला सगळ्यात जास्त विश्वास मात्र त्यांच्या नाही म्हणणाऱ्या स्टडींमुळे बसला. स्तनाचा कॅन्सर आधीच शरीरात पसरलाय तर मूळ गाठ काढून फायदा होतो का? ३५० बायका, २०१५ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या जर्नलमध्ये उत्तर: आयुष्य वाढत नाही. म्हणजे कितीतरी बायकांचं एक मोठं ऑपरेशन, त्याचा खर्च, ती जखम वाचली. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये शेकासोबत सिसप्लॅटिन हे केमोचं औषध दर आठवड्याला थोडं थोडं द्यायचं ही सगळीकडची सवय, पेशंटला आणि स्टाफला दोघांना सोपं. त्यांनी ३०० जणांवर तपासलं आणि २०१८ मध्ये सांगितलं की तीन आठवड्यांनी एकदा दिलेला मोठा डोस रोगावर जास्त ताबा ठेवतो, त्रास जास्त असला तरी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आधी केमो मग ऑपरेशन हे केमो आणि शेक एकत्र देण्यापेक्षा चांगलं आहे का? ६३३ बायका, उत्तर नाही. ऑपरेशन हातात असलेल्या हॉस्पिटलने ऑपरेशनच्या विरुद्ध गेलेलं उत्तर छापणं, हे मला फार मोठं वाटतं.

बाकी थोडक्यात. गर्भाशयमुखाच्या ऑपरेशननंतर शेक देताना रोज इमेज बघून नेमका दिला तर ३ वर्षांनी आतड्याचा त्रास ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आला, डॉ. सुप्रिया चोप्रांचा स्टडी. उलटी थांबवायची ओलान्झापिन गोळी १० ऐवजी २.५ मिलिग्रॅम दिली तरी उलटी तेवढीच आटोक्यात राहते आणि दिवसभराची गुंगी बरीच कमी होते, हे ज्यांच्या घरी केमोनंतर माणूस झोपूनच असतो त्यांनी आपल्या डॉक्टरला जरूर विचारावं. आणि आयआयटी बॉम्बेसोबत केलेली कार-टी थेरपी, म्हणजे पेशंटच्याच रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी बदलून परत देणं, ऑक्टोबर २०२३ ला परवानगी मिळाली, ती बाहेरच्या देशांच्या मानाने खूप स्वस्त आहे, तरी लाखांतच आहे आणि काही ठराविक ब्लड कॅन्सरसाठीच आहे.

ट्रायलमध्ये, म्हणजे अशा एखाद्या स्टडीत, येता का असं विचारलं की घरचे घाबरतात, आमच्यावर प्रयोग करणार म्हणतात. माझी विनंती, घाबरून लगेच नाही म्हणू नका आणि दडपणाने लगेच हो पण म्हणू नका. बहुतेक ट्रायलमध्ये एका गटाला आजची नेहमीची ट्रीटमेंटच मिळते, कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टर नाही. फॉर्म तुम्हाला कळेल अशा भाषेत मिळायला हवा, मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, कॉपी ठेवा. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीची ट्रीटमेंट थांबवता येत नाही. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये त्या औषधामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हे २०१९ च्या नियमांत आहे. आणि प्रत्येक ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी साईटवर असायला लागते, कोणालाही फुकट शोधता येतं, नंबर मागून घ्या आणि बघा. तिथे इंग्रजी आहे, कॉलेजच्या पोराला सोबत बसवा.

माझी तक्रार एकच पण मोठी आहे. हे सगळं ज्यांच्या शरीरावर तपासलं गेलं त्या माणसांच्या भाषेत उत्तर परत येत नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेणाऱ्या माणसाला आपण ज्या स्टडीत होतो त्यातून काय निघालं हे कोण सांगणार? पेपर इंग्रजीत, परिषद शिकागोला किंवा पॅरिसला. नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातली हॉस्पिटलं जोडली गेलीयत आणि त्यांच्या ट्रीटमेंटच्या गाईडलाईन सारख्या होतायत, ते चांगलंच आहे, पण तालुक्याच्या सर्जनच्या टेबलावर आणि पेशंटच्या हातात काय आहे हा प्रश्न उरतोच. प्रत्येक स्टडीमागे एक पान मराठीत हवं, मोठ्या अक्षरात, आकड्यासकट, आणि ते जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा ओपीडीबाहेर लावलेलं हवं. पहिलं पान मानेच्या ऑपरेशनचं करा. तोवर ज्यांच्या घरी तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी सर्जनला एवढं विचारा: मानेचं आत्ताच करणार का, आणि नसाल करणार तर का नाही?